सोसायटीच्या ग्रुपवर नवीन आलात? मग लिहायच्या आधी हे वाचा

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळच्या पुढे. तीन विंग, 168 फ्लॅट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माणसं मात्र 240 च्या वर, कारण एकेका घरातून दोघं दोघं, शिवाय पुण्याला राहायला गेलेले मालक, त्यांचे भाडेकरू, आणि एक इस्टेट एजंट ज्याला कुणी अ‍ॅड केलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. सहा वर्षं झाली मी ह्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे (कुणी निवडून दिलं नाही, आधीचे अ‍ॅडमिन वैतागून सोडून गेले आणि मी ऑनलाइन होतो). दर वर्षी मे-जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी भाडेकरू बदलतात, नवीन लोक येतात, त्यांना मी पर्सनलवर चार ओळी पाठवायचो, त्या वाढत वाढत एवढ्या झाल्या. हल्ली गावाहून मुलाकडे राहायला आलेले आणि हातात पहिल्यांदाच स्मार्टफोन आलेले आईबाबाही विचारतात की अहो तिथे नक्की बोलायचं कसं. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. लिहिताना तुमच्या डोक्यात तुमचा आवाज असतो, वाचणाऱ्याकडे तो पोचत नाही, तिकडे नुसती अक्षरं जातात. आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तोच माणूस संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारी उभा असतो.

पहिली पायरी: नाव लावा आणि गप्प बसा

ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तुम्ही अ‍ॅपमध्ये जे नाव टाकलंय तेच दिसतं. आमच्याकडे एकाचं नाव नुसता टिंब आहे, एकाचं 'किंग', आणि डीपीला सूर्यफूल. आता ह्या टिंबाने पार्किंगबद्दल तक्रार केली तर उत्तर कुणाला द्यायचं? सेटिंगमध्ये जाऊन नाव, आडनाव आणि पुढे विंग-फ्लॅट नंबर टाका, दोन मिनिटांचं काम आहे. तिथेच प्रायव्हसीमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये कोण अ‍ॅड करू शकतं ते पण ठरवता येतं, तेही करून ठेवा, नाहीतर उद्या प्लॉटविक्रीवाले टाकतील कुठल्यातरी ग्रुपमध्ये. आणि आवाज बंद करायचा असेल तर म्यूट करा, 8 तास, एक आठवडा किंवा कायमचं. तुम्ही म्यूट केलंय हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही, मी अ‍ॅडमिन असून रात्री म्यूट करतो.

मग चार-पाच दिवस नुसतं वाचा. कोण कसं बोलतं, कोण कुणावर आधीच चिडलेलं आहे, काय चालतं काय नाही. पाणी पुरवणाऱ्या स्टेम कंपनीचं शटडाऊन असेल तर पाणी किती वाजता बंद, टँकर कधी, मेंटेनन्सची शेवटची तारीख, हे शंभर वेळा लिहून झालेलं असतं. वर सर्चचं भिंग आहे, त्यात 'टँकर' टाइप करा, सापडतं. ते न करता विचारलंत तरी कुणी तरी सांगेलच, पण तिसऱ्यांदा सांगणाऱ्याचा सूर थोडा वेगळा असणार हे धरून चाला.

दुसरी पायरी: पहिला मेसेज

मी पाहिलेला सगळ्यात चांगला पहिला मेसेज असा होता: "नमस्कार, आम्ही बी विंगला सातव्या मजल्यावर राहायला आलोय. घरी मी, बायको आणि दुसरीतली मुलगी. शनिवारी दुपारी ड्रिलिंगचं थोडं काम आहे, आवाज होईल. कुणाचं बाळ झोपत असेल किंवा कुणाची परीक्षा असेल तर सांगा, वेळ बदलू." बस, एवढंच. त्या रविवारी त्यांच्या दारात दोन घरांतून वाट्या गेल्या, एकीत अळूवडी होती हे मला पक्कं माहितीय कारण ती आमच्याच घरातून गेली होती. त्याच महिन्यात दुसऱ्या एका घरातून आलेला पहिला मेसेज: "लिफ्ट बंद का आहे?" चूक काहीच नाही त्यात, लिफ्ट बंद होतीच. पण त्या माणसाला लोक अजून लिफ्टवालेच म्हणतात.

हाक कशी मारायची हा आपल्याकडे मोठाच प्रश्न आहे. ग्रुपवर सगळ्यांना 'तुम्ही', अगदी तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगा असला तरी. खाली क्रिकेट खेळताना त्याला अरे-तुरे करत असाल तर तिथे करा, ग्रुपवर त्याची बायको, सासरे, ऑफिसमधला सहकारी सगळे वाचतात. 'काकू' जपून वापरा! अडतीस वर्षांच्या माणसाने पंचेचाळीसच्या बाईंना काकू म्हटल्यावर काय झालं ते मी लिहीत नाही, 'ताई' म्हणा, ताईमध्ये धोका नाही. आडनावापुढे साहेब किंवा मॅडम लावलं तरी चालतं, जरा सरकारी वाटतं इतकंच.

आणि घोडबंदरच्या सोसायट्यांमध्ये सगळ्या भाषांचे लोक आहेत. तमिळ आजी मोडक्या मराठीत 'पाणी आला नाही' लिहितात तेव्हा पाणी आलं नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. लिंग-वचन सुधारून रिप्लाय देऊ नका. मराठी माणसांच्या बाबतीतही तेच, ऱ्हस्व-दीर्घ काढणारे एक निवृत्त सर आमच्याकडे होते, त्यांच्या भीतीने अर्धी सी विंग इंग्रजीत लिहायला लागली, म्हणजे मराठीची सेवा झाली की नुकसान ते तुम्हीच ठरवा.

तिसरी पायरी: सूर, आणि इथे मात्र जरा थांबा

आपण बोलताना मराठीत किती बारीक बारीक शब्द घालतो बघा. ना, हं, जरा, बरं का, की, हो. "जरा बघता का हो" आणि "बघा" ह्यात काम एकच सांगितलंय. पण फोनवर टाइप करताना अंगठा दुखतो म्हणून आपण नेमके हेच शब्द गाळतो, आणि जे उरतं ते हुकूम वाटतं. उलटं पण होतं, काही लोक मुद्दाम शुद्ध नोटिशीची भाषा काढतात, "सर्व सभासदांनी नोंद घ्यावी", "गाडी त्वरित हलविण्यात यावी". लिहिणाऱ्याला वाटतं आपण सभ्य लिहिलं, वाचणाऱ्याला वाटतं घरी वकिलाचं पत्र आलं. 'कृपया' पण फसवा शब्द आहे. "कृपया आपली गाडी आपल्याच जागेत लावावी" ह्यात कृपया काढून बघा, वाक्य उलट थोडं मऊ होतं की नाही?

आता एकच तक्रार तीन प्रकारे लिहून दाखवतो. एक: "तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे गळतंय. बघा." दोन: "802 यांनी आपल्या फ्लॅटमधील लीकेज तातडीने दुरुस्त करून घ्यावे, अन्यथा कमिटीकडे तक्रार करावी लागेल." तीन: "काका, आमच्या बाथरूमच्या छताला ओल धरलीय, तुमच्याकडून पाणी येतंय का असं वाटतंय. संध्याकाळी घरी असाल तर प्लंबरला घेऊन येऊ का?" तिसरा लिहायला वीस सेकंद जास्त लागतात, आणि तो ग्रुपवर टाकायचाच नसतो, पर्सनलवर पाठवायचा असतो.

पहिला मेसेज मीच लिहिला होता, 2021 च्या पावसाळ्यात, आणि तो ग्रुपवर टाकला होता, वरच्या काकांना टॅग करून. रागात नव्हतो हो, खरंच नव्हतो, ऑफिसच्या दोन कॉलच्या मधे घाईत टाइप केलं. नंतर कळलं काकू त्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या आणि काकांना बाथरूमकडे बघायला सवड तर नव्हतीच, पण 240 माणसांसमोर आपलं नाव घेतलं हे जास्त लागलं. ते ग्रुपवर काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी प्लंबर आला, काम झालं, बिलसुद्धा त्यांनीच दिलं. पण त्यानंतर चार महिने आम्ही लिफ्टमध्ये भेटलो की ते आकड्यांकडे बघायचे, सात, सहा, पाच, आणि मी माझ्या चपलांकडे. सातव्या मजल्यापासून खालपर्यंत येणं किती लांब असतं ते मला तेव्हा कळलं.

विनोद करतानाही हेच. हसरा चेहरा उगाच जन्माला नाही आला. 1982 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटरवर लिहून गप्पा चालायच्या, तिथे कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय, आणि काही जणांना ते खरंच वाटलं. मग 19 सप्टेंबरला तिथल्याच स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोद असेल तर पुढे कोलन, रेघ आणि कंस असा आडवा हसरा चेहरा काढा म्हणजे कळेल. बघा, तिथेही भानगड लिफ्टचीच. म्हणून थट्टा केली की हसरा चेहरा टाका, पण थट्टा एखाद्याच्या खर्चाने असेल तर तो चेहरा टाकूनही उपयोग नाही, उलट जास्त झोंबतं.

वयाचा फरक पण लक्षात ठेवा. साठीच्या पुढचे लोक "ठीक आहे..." असे तीन टिंब टाकतात ते नुसते श्वास घेतल्यासारखे, त्यांच्या मनात काही नसतं. पंचविशीतल्या पोरांना वाटतं काका चिडले. आणि इंग्रजीत सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं की ओरडल्यासारखं होतं असं म्हणतात, देवनागरीत कॅपिटल नाहीत म्हणून आपण उद्गारचिन्हं वापरतो, एकाला पाच. एक पुरे.

वेळ, हाय आणि व्हॉइस नोट

रात्री दहा ते सकाळी सात ग्रुपवर फक्त आग, पाणी, अ‍ॅम्ब्युलन्स. सुविचाराचं फूल साडेपाचला टाकायचं नाही, कुणीतरी नाईट शिफ्ट संपवून ऐरोलीहून येऊन आत्ता आडवं झालेलं असतं.

कामासाठी कुणाला पर्सनलवर लिहिताना नुसतं "हाय" टाकून थांबू नका. समोरचा "बोला" म्हणतो, तोवर तुम्ही आंघोळीला गेलेले, मग तो दिवसभर विचार करतो काय काम असेल. नमस्कार, मी अमुक, काम तमुक, घाई नाही, असं एका दमात लिहा. ऑफिसच्या चॅटवर तर हे अजूनच लागू. तीन मिनिटांची व्हॉइस नोट न विचारता पाठवणं म्हणजे लोकलमध्ये उभ्या माणसाच्या हातात पिशवी देणं, त्याला ती ऐकायला जागाच नसते. ऑनलाइन मीटिंगला माईक बंद ठेवा, कुकरची शिट्टी ऐकून बॉसला तुमच्याकडे आज डाळ-भात आहे हे कळतं.

निळ्या टिकवरून भांडू नका. वाचलं आणि उत्तर दिलं नाही म्हणजे अपमान केला असं नसतं, माणूस घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवत असू शकतो.

फॉरवर्ड: इथे मी कडक आहे

बाकी सगळीकडे मी सोडून देतो, इथे नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, आणि मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. त्या वर्षी देशात अशा घटना एकामागून एक झाल्या, त्यानंतरच त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. ते पाचाचं बंधन आपल्याला त्रासाचं वाटतं ना, त्याच्यामागे हे आहे.

तर करायचं काय, मेसेजच्या वर दोन बाण दिसले म्हणजे तो हातोहात फिरत आलाय, तिथे थांबायचं. कुठल्या तारखेचा, कुठल्या गावचा, कुणी सांगितलं, हे त्यात नसेल तर तो पुढे जात नाही. 'आपल्या भल्यासाठी पाठवतोय, खरं-खोटं देव जाणे' असं लिहून टाकणारे आहेत, त्यांचे मी डिलीट करतो, ग्रुप अ‍ॅडमिनला तो अधिकार आहे. बँकेची लिंक, वीज आज रात्री कापणार असा मेसेज, असलं काही आलं आणि कुणाचे पैसे गेलेच तर ग्रुपवर चर्चा करत बसू नका, आधी 1930 ला फोन लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे ती.

फोटो आणि दुसऱ्याची अब्रू

गणपतीतले मुलांचे फोटो टाकायच्या आधी त्यांच्या आईबाबांना विचारा. दुसऱ्याचा नंबर कुणी मागितला तर ज्याचा आहे त्याला विचारून द्या. एवढं सोपं आहे ते.

अवघड ते पुढचं. तीनेक वर्षांपूर्वी एका घरातून सोन्याच्या कुड्या हरवल्या, त्यांनी कामवाल्या मावशींचा फोटो ग्रुपवर टाकला, 'हिच्यापासून सावध'. अर्ध्या तासात तो शेजारच्या दोन सोसायट्यांत पोचला आणि मावशींची चार घरं सुटली. आठ दिवसांनी कुड्या सापडल्या, लग्नाला नेलेल्या पर्समध्ये. 'सापडल्या' असा मेसेज आला, खाली हात जोडलेले, पण तो मेसेज शेजारच्या सोसायट्यांत कुणी फॉरवर्ड केला नाही. मीही नाही केला, खरं सांगतो. वॉचमन, मावशी, डिलिव्हरीवाला पोरगा, ही माणसं ग्रुपवर नसतात, त्यांना उत्तर द्यायला जागाच नसते, म्हणून त्यांचा फोटो, सीसीटीव्हीची क्लिप, नाव, काहीही टाकायचं नाही. तक्रार असेल तर सेक्रेटरीला सांगा, खरंच चोरी असेल तर पोलीस चौकीत जा.

वाद आणि कायदा

राजकारण आमच्या ग्रुपवर बंद आहे, तरी निवडणुकीत कुणी ना कुणी सुरू करतोच. वाद चढायला लागला की तिसरं उत्तर देऊ नका. दोनदा आपली बाजू मांडली ना, झालं, पुढचं पर्सनलवर किंवा खाली बाकावर बसून चहा घेत.

लोकांच्या मनात भीती पण असते की काही लिहिलं तर पोलीस येतील. ह्याची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यावरून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सुप्रीम कोर्टात गेलं आणि 24 मार्च 2015 ला कोर्टाने ते रद्दच केलं. म्हणजे नुसतं कुणाला खटकलं म्हणून त्या कलमाखाली अटक आता नाही. पण बदनामी, धमकी, दोन समाजात तेढ लावणं ह्याला कायदा आहेच, आणि ते कागदावर लिहिलंत काय नि ग्रुपवर टाकलंत काय, सारखंच. मला लोक विचारतात की मग अ‍ॅडमिनला पकडतात का? 2021 मध्ये आपल्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की दुसऱ्या मेंबरने काही वाईट टाकलं म्हणून, त्यात अ‍ॅडमिनची मिलीभगत नसेल तर, त्याला जबाबदार धरता येत नाही. मी निर्धास्त आहे. तुम्ही तुमचं बघा.

दुःखाची बातमी

ग्रुप उघडला की टाइप करायच्या आधी वर सरकवून शेवटचे दहा मेसेज बघा. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' चालू असताना मधेच कुणीतरी 'उकडीचे मोदक, ऑर्डर घेणे सुरू' टाकतं, आणि त्या बिचाऱ्या ताईंची काही चूक नसते, त्यांनी बघितलेलंच नसतं. मृत्यूच्या बातमीला अंगठा देऊ नका. अंगठ्याचा अर्थ 'कळलं' असा तुमच्या मनात असतो, पण ज्याचे वडील गेले त्याला तो तसा दिसत नाही. आणि घर चार पावलांवर असेल तर मेसेज टाकून मोकळं होऊ नका, जिना चढून जा.

चुकलंच तर

पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत एडिट करता येतो, आणि सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण डिलीट केल्याची खूण मागे राहते आणि ती पाहून जे झोपले होते ते पण जागे होऊन विचारतात काय होतं, काय होतं. त्यापेक्षा "माफ करा, चुकून इकडे आलं" असं सरळ लिहा. बायकोला पाठवायचा 'येताना कोथिंबीर आण आणि त्या सेक्रेटरीला टाळ' हा मेसेज आमच्याकडे ग्रुपवर आलेला आहे. लिहिणाऱ्याने दोन मिनिटांत लिहिलं, "कोथिंबीर मीच आणतो, आणि सेक्रेटरी साहेब, चहाला या." सेक्रेटरी गेले पण.

ग्रुप सोडायचा असेल तर गुपचूप सोडा, 2022 पासून सोडलेलं फक्त अ‍ॅडमिनला दिसतं, बाकीच्यांना जाहीर होत नाही. तावातावाने 'मी हा ग्रुप सोडत आहे' असं लिहून जाणारे लोक आठवड्याने मला पर्सनलवर विचारतात की पाणी कधी येणार.

ह्या जुलैत आमच्या बाथरूमच्या छताला परत ओल आली. ह्या वेळी रात्री साडेनऊला काकांना पर्सनलवर लिहिलं, "काका, जागे आहात का? जरा वर येऊ का?" उत्तर म्हणून व्हॉइस नोट आली, दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. पहिलं अर्धं मिनिट काकूंना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगण्यात गेलं, मग प्लंबरचा नंबर, मग तो नंबर पुन्हा एकदा सावकाश, आणि शेवटी, "ये ये, पण येताना चपला बाहेर काढ, फरशी ओली आहे."